कर्नल होअरचा हिशेब

माइक होअर मूळचा हिशेबनीस. 1919 साली कोलकात्यात जन्मलेला हा माणूस महायुद्धात ब्रिटिश सैन्यात होता, पुढे लंडनला सनदी लेखापाल झाला आणि डर्बनला जाऊन राहिला. 1964 मध्ये काँगोत सिम्बा बंडखोरांनी निम्मा देश व्यापला, तेव्हा पंतप्रधान शोंबे यांनी गोरे भाडोत्री सैनिक जमवायचं काम त्याच्यावर सोपवलं. 'फाइव्ह कमांडो' ही त्याची तुकडी. रोज प्रार्थना करा, हत्यार साफ ठेवा, असे तिचे नियम. याच तुकडीतल्या लोकांनी काँगोतल्या स्टॅनलीव्हिल शहरात लूटमारही केली.

पैशासाठी लढतो म्हणून भाडोत्री सैनिक वाईट, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. पगार कुठला जवान घेत नाही? पण त्या जवानाला जाब विचारणारं कुणीतरी असतं: त्याचं सैन्य, त्याचं सरकार, निदान त्याचं गाव. भाडोत्र्याचा करार संपला की तो विमानात बसतो. जळालेल्या घरांचं काय करायचं ते तिथल्यांनी बघावं.

कायद्याने मात्र पैशालाच धरलं. 1977 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलच्या 47 व्या कलमात भाडोत्री सैनिक ठरण्यासाठी सहा अटी आहेत आणि सहाही लागू व्हाव्या लागतात. युद्धातल्या एका पक्षाच्या सैन्यात नाव नोंदलेलं असलं, तर माणूस सुटलाच. होअरची तुकडी कागदोपत्री काँगोच्या राष्ट्रीय सैन्याचा भाग होती. म्हणजे या व्याख्येत खुद्द होअरसुद्धा बसत नाही! हिशेबनिसालाही इतकी सोयीची पळवाट सुचली नसती.

तो अडकला ते भलत्याच प्रकरणात. नोव्हेंबर 1981 मध्ये सेशेल्सचं सरकार उलथवायला तो माणसं घेऊन निघाला, बिअरप्रेमींच्या मंडळाची सहल असल्याचं सोंग घेऊन. वर मुलांसाठी खेळणी, बॅगांच्या चोरकप्प्यांत बंदुका. सेशेल्सच्या माहे बेटावरच्या विमानतळावर कस्टमवाल्याला एक बंदूक सापडली आणि गोळीबार सुरू झाला. तेवढ्यात हरारेहून मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग तिथे उतरलं. होअरच्या लोकांनी ते ताब्यात घेऊन डर्बनला नेलं. दक्षिण आफ्रिकेने आधी बहुतेकांना सोडूनच दिलं होतं. बाहेरून दबाव आल्यावर खटला भरला. विमान पळवल्याबद्दल होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली. 1985 मध्ये तो सुटला आणि 2020 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी डर्बनमध्ये वारला. काँगोबद्दल त्याला कुठल्याही न्यायालयात कधी उभं राहावं लागलं नाही.