कोऱ्या रकान्याचं काय करायचं?

कळमनुरीतलं सेवा केंद्र. सर्व्हर बसलेला, म्हणून बोलायला वेळ. मामा केंद्र चालवतात, भाची पुण्यात अर्जांची सॉफ्टवेअरं लिहिते.

भाची : मामा, वडिलांच्या नावात नुसतं टिंब?

मामा : लाल चांदणी आहे ना. भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. आधी स्पेसबार दाबला तरी भागायचं, ते तुम्ही लोकांनी बंद केलं.

भाची : आता मोकळी जागा छाटून मगच बघतो, काही उरलंय का. पण टिंब उरतंच! रिकामं होतं ते खोटं झालं, एवढंच. मला वाटतं सक्तीच काढावी.

मामा : काढू नको बाई. खातं नंबर राहिला तर अर्ज इथंच अडलेला बरा. नाहीतर सेनगावकडची म्हातारी ‘त्रुटी’ ऐकायला पुन्हा एसटीनं येणार, तिचा रोज बुडणार.

भाची : खात्याचं मान्य. पण बापाचं नाव? ते न सांगता अविवाहित आईला पालकत्व मागता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच सांगितलंय. तिच्यापुढं चांदणी ठेवायची?

मामा : आणि जन्मतारीख? माझी 1 जून, थोरल्याची 1 जून, निम्म्या वर्गाची तीच. शाळा जूनला उघडायची आणि गुरुजींना रकाना कोरा ठेवता येत नव्हता. बिघडलं काय?

भाची : खरंच 1 जूनला कोण जन्मलं, ते आता कुणालाच सांगता येत नाही. 31 मेला निवृत्तीच्या निरोप समारंभांची रांग लागते ती उगाच?

मामा : कोरा ठेवला असता तर शाळेत नावच घातलं नसतं माझं.

(यावर भाचीला पटकन उत्तर सुचलं नाही. कुणालाही सुचलं नसतं.)

भाची : डेटाबेसमधल्या तक्त्यांची कल्पना 1970 मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉडनं पुढं 1990 च्या पुस्तकात रिकाम्याचे दोन प्रकार केले : आहे पण माहीत नाही, आणि मुळात लागूच नाही. एसक्यूएलमध्ये मात्र एकच राहिला, नल. दोन नल सारखे आहेत का विचारलं, तर उत्तर हो नाही आणि नाहीही नाही, ‘अज्ञात’.

मामा : बरोबरच आहे. दोघांना बाप माहीत नाही म्हणून ते भाऊ होतात का?

भाची : मग अर्जात दोन्ही पर्याय देते. ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’.

मामा : दे. पण गर्दीत मी सगळीकडं ‘माहीत नाही’च दाबणार.

भाची : तर ते खोटं तुमचं. आजचं टिंब माझं आहे, मी तुम्हाला दुसरी वाटच ठेवली नाही.

मामा : चालेल. फक्त खातं नंबराला ते पर्याय देऊ नको. तिथं चांदणीच पाहिजे.