कागद, शाई आणि घरचा ग्रुप

आजचं वाचन : २ योहान १२ आणि ३ योहान ९ ते १४



नव्या करारातली ही दोन पत्रं आपण बहुतेक वेळा पान उलटताना ओलांडून जातो. एवढीशी आहेत. ग्रीकमध्ये दोन्ही अडीचशे शब्दांच्या आतली, पपायरसच्या एकेका पानावर मावतील अशी. लिहिणारा स्वतःचं नावही घालत नाही, फक्त 'वडील' म्हणतो. मंडळीची परंपरा त्याला योहान मानते. आणि दोन्ही पत्रं संपताना तो जवळजवळ एकच गोष्ट लिहितो : सांगण्यासारखं खूप आहे, पण लिहून सांगायचं नाही, भेटायला येईन तेव्हा समक्ष बोलू. एका पत्रात कागद आणि शाई नको म्हणतो, दुसऱ्यात शाई आणि बोरू.

हे मी कितीतरी वेळा वाचलं असेल. पत्र संपवायची एक पद्धत असेल, असं वाटायचं. गेल्या महिन्यात मात्र या ओळीने मला पकडलं.

आमच्या घरचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आई नगरला धाकट्या भावाकडे असते, मी पुण्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खर्चाचा मोठा भाग मी उचलला आणि दोन दिवस जाऊन आलो. पुढची सगळी धावपळ भावाने आणि वहिनीने केली. एका रात्री आई फोनवर म्हणाली, व्यायाम करायचा राहिला. मी लगेच ग्रुपवर लिहिलं की जे जवळ राहतात त्यांनी तरी लक्ष द्यावं. त्याचं उत्तर आलं : "पैसे पाठवले म्हणजे झालं का, दादा?" मग मी लांबलचक लिहिलं. त्यानेही लिहिलं. रात्री साडेअकराला तो ग्रुपमधून बाहेर पडला.

इथपर्यंत घरोघरी होतं तेच झालं. पुढचं सांगायला लाज वाटते. मी रोज सकाळी त्या ग्रुपवर वचन टाकतो, तुमच्यापैकी बरेच जण टाकत असतील तसंच. भाऊ बाहेर पडला तरी वहिनी ग्रुपमध्ये होती. दुसऱ्या दिवशी मी इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातलं, आईबापांचा मान राखण्याविषयीचं वचन टाकलं. त्याच्या पुढच्या दिवशी १ तीमथ्य ५:८, म्हणजे जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाही त्याच्याविषयीचं कडक वचन. मागे सूर्योदयाचा फोटो, खाली गुलाबाचं फूल. दिसायला अगदी सात्त्विक! ते वाचून कोणाला लागेल हे मला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तू वचन पाठवतोस ते मी रोज वाचते रे. पण ही दोन माझ्यासाठी नव्हती ना?"

मला काही बोलताच आलं नाही.

त्या रात्री मी ३ योहान उघडलं. खरं सांगतो, शोधत होतो ते आणखी एक वचन. त्यात दियत्रफेस नावाचा माणूस आहे. त्याला मंडळीत पहिला मान हवा असतो, आलेल्या बंधूंना तो घरात घेत नाही, घेऊ पाहणाऱ्यांना बाहेर काढतो. वाचता वाचता मनात आलं, हा घ्या आमचा धाकटा. मग लक्षात आलं की धाकट्याने कोणालाच बाहेर काढलेलं नाही. तो स्वतः बाहेर गेला. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे. शेवटचा शब्द माझाच हवा असतो, तोही मलाच.

आणि आता योहान काय करतो ते बघा. दियत्रफेस त्याच्याविषयी वाईटसाईट बोलत फिरतो. योहान ते लपवत नाही, गायसला स्पष्ट सांगतो. पण त्या माणसाचा हिशेब पत्रात चुकता करत नाही. मी आलो की हा विषय काढीन, असं म्हणून थांबतो आणि थोड्याच ओळींनंतर बोरू खाली ठेवतो. भांडण जितकं खरं, तितकं ते समोर बसून बोलायचं. मी नेमकं उलटं करत आलो होतो. गोड बोलायला फोन, आणि कडू असलं की मेसेज. कारण मेसेजमध्ये समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

'समक्ष' या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'तोंड तोंडाशी' असं आहे. गणना १२:८ मध्ये देव मोशेशी कसा बोलतो हे सांगताना अशीच भाषा येते.

अजून एक गोष्ट. दुसऱ्या पत्रात योहानाला सगळ्यात मोठी काळजी कसली आहे? सातवं वचन वाचा. येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल न करणारे लोक फिरत आहेत, याची. आणि त्याच पत्राच्या शेवटी तो म्हणतो, मीही येतो. देवाने संदेष्ट्यांच्या हातून किती निरोप पाठवले! तरी शेवटी तो स्वतः आला, आपल्या दारात उभा राहिला, आपल्याबरोबर जेवला. देहाने आलेल्या प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला सव्वाशे किलोमीटरवरच्या भावाकडे जायला काय हरकत होती?

म्हणून फोन वाईट, असं मी म्हणणार नाही. नव्या करारातली कितीतरी पुस्तकं मुळात पत्रंच आहेत, आणि फिलिप्पैकरांस पत्र तर पौल बंदीत होता म्हणूनच आपल्याला मिळालं. २०२० चा ईस्टर आपण स्क्रीनसमोर बसून साजरा केला आणि प्रभू तिथेही होता. तुमच्यातले कोणी दुबईत असतील, कोणी टोरंटोत, त्यांना शनिवारी नगरची एसटी पकडता येणार नाही. पण पौलही तीमथ्याला पत्रातच लिहितो की हिवाळ्यापूर्वी ये. जे पत्र भेटीची वाट बघतं आणि जे पत्र भेट टाळण्यासाठी लिहिलेलं असतं, यातला फरक लिहिणाऱ्याला आतून कळतो. निदान ते टाइप करण्याआधी फोन लावा, आवाज तरी ऐका.

मी शनिवारी गेलो. शिरूर, सुपा, सगळा रस्ताभर मनात भाषण तयार करत होतो. दार वहिनीने उघडलं. भाऊ खाली बसून आईच्या वॉकरच्या पायांची झिजलेली रबरी बुचं काढत होता. वर बघितलं नाही. मी शेजारी बसून वॉकर धरला. भाषण काही आठवलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणालो, "ती दोन वचनं मी तुझ्यासाठीच टाकली होती. चुकलं माझं."

तो म्हणाला, "माहितीये. आईने मला दाखवलीच नाहीत. हिने वाचून दाखवली." मग थोड्या वेळाने, "व्यायाम एक दिवस राहिला होता दादा. एकच दिवस."

तो एक दिवस कुठला, हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्याच्या मुलाला ताप होता.

रात्री आईने प्रार्थना घ्यायला सांगितली. आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो, मग तिनेच घेतली. सगळं सुरळीत झालं असं नाही. तो अजून ग्रुपमध्ये आलेला नाही आणि मीही त्याला घातलेलं नाही. रोजचं वचन महिनाभर बंद ठेवलंय. त्या वेळेला आईला फोन करतो, ती स्पीकर लावते, कधीकधी मागून त्याचा आवाज येतो.

या शनिवारी पुन्हा जायचंय. नगरमध्ये त्या मापाची बुचं मिळाली नाहीत, ती इथून न्यायची आहेत.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझं वचन मी माझ्या भावावर दगडासारखं फेकलं, मला क्षमा कर. तू स्वतः आलास, मलाही जायला शिकव. आज हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या फोनमध्ये न पाठवलेला एखादा रागाचा मेसेज तसाच पडून आहे, त्याच्याजवळ राहा. आमेन.