ज्याला पाहिलं, त्याचं देणं

वसई पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत टँकरच्या बिलावरून सभा दोन-दोन तास चालते. पार्किंगच्या पट्ट्यांवरून माणसं महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नाहीत. कॅमेऱ्यांचा ठराव मात्र पाच मिनिटांत एकमताने मंजूर होतो. कोण पाहणार, काय पाहणार, किती दिवस जपून ठेवणार, असं कुणी विचारत नाही. मला व्हिडिओचा नाद आहे, त्यातलं थोडंफार कळतं, म्हणून खरेदीचं काम समितीने माझ्याकडे सोपवलं. कोटेशनं मागवली, दोन दुकानदारांना जागा दाखवली, जिन्यात उभं राहून कोन ठरवले. ते करता करता एक गोष्ट मनाला टोचत राहिली. कॅमेरा निवडताना मी फक्त त्याला काय दिसेल याचा हिशेब करत होते. जे दिसणार होते त्यांचा विचार त्या हिशेबात कुठेच नव्हता.

आधी तो हिशेब सांगते, कारण निम्मी गफलत तिथेच होते. दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा असतो. दोन मेगापिक्सेलचा, २.८ एमएम लेन्सचा कॅमेरा सगळीकडे खपतो, कारण त्यात अख्खं आवार मावतं आणि मोबाईलवर चित्र भरलेलं दिसतं. पण जितकं जास्त मावतं तितकं प्रत्येक माणसाच्या वाट्याला कमी येतं. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर एक मीटर रुंदीला अडीचशे पिक्सेल लागतात, असा या क्षेत्रातला मापदंड आहे. या कॅमेऱ्यात तेवढे पिक्सेल साधारण तीन मीटरच्या आतच मिळतात. पाच मीटरवर ओळखीचा माणूस ओळखू येतो, अनोळखी नाही. त्यापुढे नुसतं कुणीतरी चालत गेलेलं दिसतं. फाटकावर चेहरा हवा असेल तर सहा एमएमची लेन्स लागते आणि कॅमेरा डोक्याच्या थोडाच वर लावावा लागतो. पहिल्या मजल्याच्या उंचीवर लावला तर टोप्या आणि टकलं मोजायला मिळतात. फाटकामागे उन्हाचा रस्ता असेल तर उजेड-सावलीचा फरक सांभाळणारा डब्ल्यूडीआर हवाच, नाहीतर आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होतो.

शिवाय आपली हवा खारी. केबलच्या टोकांचे उघडे राहिलेले बीएनसी कनेक्टर इथे एका पावसाळ्यात गंजतात आणि चित्रावर पट्टे येतात. रात्री इन्फ्रारेडच्या उबेला कोळी जाळं विणतो आणि पहाटेपर्यंत चित्र पांढरं झालेलं असतं. वीज जाते तेव्हा चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरला इन्व्हर्टर नसेल तर नेमका अंधाराचा काळ कोरा राहतो. साठवणीचं गणितही करून घ्यावं. सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला एकवीस-बावीस जीबी भरतो. आठ कॅमेरे आणि दोन टीबीची हार्ड डिस्क असेल तर जेमतेम अकरा दिवस. बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो.

म्हणजे ज्या डोळ्यावर आपण इतके निर्धास्त असतो, त्याला फारच थोडं दिसतं. तरी आपण निर्धास्त होतो. हे मला चोरीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

असा निर्धास्त डोळा हातातल्या फोनचाही असतो. १८ जून २०२४ ची सकाळ वसईत कुणी विसरलेलं नाही. वसई पूर्वेला चिंचपाडा भागात, भर रस्त्यात, कामावर निघालेल्या एका तरुण मुलीवर तिच्या ओळखीच्या माणसाने लोखंडी पान्याने वार केले, ती खाली कोसळल्यावरही करत राहिला. रस्त्यावर माणसं होती, वाहनं थांबलेली होती. एक जण अडवायला पुढे झाला, त्याला हल्लेखोराने हुसकावून लावलं. बाकीचे लांब उभे राहिले. काहींच्या हातात फोन होते आणि ते चालू होते. मुलगी तिथेच गेली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ देशभर फिरला.

त्या दिवशी गाडीत, बायकांच्या डब्यात, सगळ्यांच्या तोंडी एकच संताप होता: लोक शूटिंग करत बसले. मीही तेच म्हणाले. नंतर एकटी असताना तो व्हिडिओ माझ्याही फोनवर आला, आणि तो उघडण्याआधी माझा अंगठा थांबला. पाहून मी काय करणार होते? तिला आता माझा काही उपयोग नव्हता. माझ्या पाहण्याने फक्त पाहणाऱ्यांत आणखी एकीची भर पडणार होती. मी तो पाहिला नाही. पण म्हणून त्या रस्त्यावर असते तर पुढे झाले असते, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पान्यासमोर जायला लागतं ते बळ माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. एवढं मात्र माहीत आहे की ओरडता आलं असतं, दगड भिरकावता आला असता, आणखी चार जणांना हाताला धरून पुढे ओढता आलं असतं. हातात फोन धरला की हे काही सुचत नाही, कारण आपण काहीतरी करतो आहोत असं तेव्हा वाटत असतं. पुरावा गोळा होतो आहे, असं.

पुराव्याचं मोल मी कमी लेखत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला व्हिडिओवरच उभा राहिला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, याचा निवाडा निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून झाला आणि उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा, १४ जुलै २०२० ला, न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर नसेल तर व्हिडिओच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. नव्या साक्ष अधिनियमातही, कलम ६३ खाली, ती अट कायम आहे. तेव्हा पुरावा व्हायचा तर डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असावं लागतं, फुटेज वेळेत आणि नीट उतरवून घ्यावं लागतं, आणि हे यंत्र माझ्या ताब्यात होतं असं सही करून सांगणारा माणूस लागतो. शेवटी माणूस लागतोच. फिरवलेल्या व्हिडिओमागे असा सही करणारा कुणी नसतो.

माझ्या नादाचीही इथे झडती घ्यायला हवी. रविवारी मी कॅमेरा घेऊन फिरते. निर्मळचा तलाव, गावागावांतली उरलीसुरली बावखळं म्हणजे जुनी तळी, किल्ल्यापलीकडचा पाचूबंदर. तिथे एकदा बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींसमोर मी कॅमेरा उचलला. त्यांचे हात झरझर चालले होते, दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवायचे आणि काठीवर टाकायचे. त्या न थांबता म्हणाल्या, "बाय, हातांचं काढ हवं तर. तोंड नको." मी हातांचंच काढलं. त्यात मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. उलट त्यांनी अट घातली म्हणून आमचं बोलणं झालं, चहा झाला, यंदा मासळी कशी आहे ते कळलं. शूटिंगआधी विचारायचं हा माझा नियम तेव्हापासून पक्का आहे.

मग सोसायटीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यासाठी तो नियम का नाही? आमच्या मजल्यावरचा कॅमेरा समोरच्या काकूंच्या दारावर रोखलेला असणार होता. दार उघडलं की त्यांच्या देवघरापर्यंतचं दिसणार होतं. कोण त्यांच्याकडे येतं, मुलगा रात्री किती वाजता परततो, सुनेचं माहेरचं माणूस किती दिवस राहिलं, सगळं. कचरा न्यायला येणारा मुलगा, घरकामाच्या बाया, जेवणाचा डबा आणणारा, यांना तर सभेला बसायचाही हक्क नाही, आणि सर्वांत जास्त वेळा दिसणार तेच होते. संशय आला की पहिलं फुटेज त्यांचंच काढलं जातं.

कायदा मला फारसं अडवत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आला. पण माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. माझ्या दारातला, माझ्या हॉलमधला कॅमेरा त्यामुळे बराचसा माझ्या सद्‌बुद्धीवर सोडलेला आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, एकाच घरात राहणाऱ्या भावाभावांच्या वादात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं. पण कोर्टापर्यंत किती जण जातात? माझ्या समोरच्या काकू तर नक्कीच जाणार नाहीत. त्या गप्प बसतील आणि दार थोडं कमी उघडतील.

आणि आपण पाहिलेलं आपल्यापाशीच राहतं, हीही समजूतच. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण बाहेर विकलं जात असल्याचं उघडकीस आलं. तपासणीसाठी टेबलावर पडलेल्या बायका होत्या त्यात. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीची पोरं होती. सोपा पासवर्ड हे अशा प्रकारांचं नेहमीचं दार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. आमच्याकडे कॅमेरे बसवून झाल्यावर तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "ताई, पासवर्ड सोपाच ठेवतो, सगळ्यांच्या लक्षात राहील." चांगल्या मनाने म्हणाला तो. मी त्याला बसवून घेतलं आणि लांब पासवर्ड घातला. अॅपवर सर्वांना लाईव्ह चित्र द्यायची मागणीही होती, ती मी सभेत अडवली. फुटेज पाहायचं तर समितीतल्या दोघांनी मिळून, आणि कारण वहीत लिहून. काकूंच्या दारावर मी प्रायव्हसी मास्क टाकला. जवळजवळ प्रत्येक डीव्हीआरमध्ये ही सोय असते, चित्राच्या तेवढ्या भागावर काळा चौकोन येतो. दोघा-तिघांना ते आवडलं नाही. "उद्या तिथेच काही झालं तर?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो खोटा नाही. माझ्याकडे उत्तर एवढंच होतं की तिथे काही झालं तर आपण दारं उघडून बाहेर येऊ.

हे सगळं सभेत ठामपणे बोलणारी मी रोज सकाळी विरारहून आलेल्या भरल्या गाडीत शिरते, अंधेरी मागे पडेपर्यंत दांडा सोडत नाही, आणि एका हाताने फोन काढून घरातला हॉल उघडते. आई एकटी असते. वय झालं आहे, गुडघे धरलेत, दोनदा तोल गेला आहे. सोफ्यावरच्या कोपऱ्यात वायफायचा छोटा कॅमेरा आहे, मान फिरवतो, बोलतोही. वसई-विरारच्या कितीतरी घरांत तो असाच आहे. ज्यांचं ऑफिस दीड-दोन तासांवर आहे त्यांनी दुसरं काय करावं, असं मी स्वतःला सांगते, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे.

पण त्या चित्रात मला दिसलं ते असं. आई पूर्वी दुपारी लादीवर पाय पसरून, पदर बाजूला टाकून, गुडघ्यांना तेल चोळत बसायची. आता ती सोफ्यावर बसते, पदर सावरून, पाहुण्यांत बसावं तशी. एकदा मी कॅमेऱ्यातून म्हटलं, "आई, गोळी घेतलीस का?" ती दचकली, छताकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. रात्री म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा कुठे बघायचं तेच कळत नाही गं." कॅमेरा काढू का, असं मी विचारलं. "राहू दे, तुझ्या जिवाला बरं वाटतं ना," म्हणाली.

हे ऐकल्यावर स्वतःशी खोटं बोलायला जागा उरली नाही. कॅमेरा आईच्या पडण्यासाठी आहे, असं मी म्हणत होते. पण ती पडलीच तर मला ते दादरच्या ऑफिसात कळणार, आणि दादरहून मी तिला उचलणार कशी? तो माझ्या धास्तीसाठी होता. आईने स्वतःची दुपार देऊन माझी धास्ती कमी केली होती, आणि मी ती घेत होते.

कॅमेरा मी काढला नाही. धास्ती खरी आहे, गुडघेही खरे आहेत. त्याची वायर आता आईच्या हाताशी असलेल्या बटणावर आहे. जेवण झालं की ती बंद करते, चहाच्या वेळेला लावते. मधल्या वेळात अॅपवर 'ऑफलाइन' दिसतं, आणि ते पाहून बोटं शिवशिवतात. बोलायचं असेल तर मी फोन करते, म्हणजे तिला कुठे बघायचं हा प्रश्न पडत नाही. काकूंना आमच्या घराची एक किल्ली दिली आहे. देताना मी त्यांना विचारलं की हे ओझं तर होणार नाही ना. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर कधीची म्हणणार होते, पण तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, म्हणून गप्प बसले."

परवा साडेचार वाजून गेले तरी ऑफलाइनच होतं. आई फोन उचलेना. मी काकूंना लावला. त्या चप्पल न घालताच गेल्या असाव्यात, दोन मिनिटांत त्यांचा फोन आला: "झोपलीय. मी बसते जरा, उठेपर्यंत."