निवांत झालेलं पोर

धरून चालू, लातूरच्या एखाद्या बालगृहात नऊ वर्षांचा मुलगा आहे. रात्री किंचाळत उठतो, दिवसा पोरांना चावतो. एकट्या काळजीवाहकावर अख्खी खोली. तो तरी किती पुरा पडणार? डॉक्टर गोळी लिहून देतात, १-०-१. आठवडाभरात पोर निवांत. जेवणाच्या पंगतीत डुलक्या घेतं, तेवढंच. सगळ्यांना हायसं वाटतं.

घरचं लेकरू असं पेंगायला लागलं असतं, तर आईनं चौथ्या दिवशी डॉक्टरांचं डोकं खाल्लं असतं. बालगृहातल्या पोराला असं डोकं खाणारं माणूसच नाही. गोळीनं ज्या काळजीवाहकाची रात्र सुखाची होते, गोळी चालू ठेवायची की नाही हेही त्यानंच ठरवायचं, ही खरी अडचण. वाईट माणूस शोधायची इथं गरजच पडत नाही.

कायदा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या आदेशाविना मुलाला गुंगीचं, मनावर परिणाम करणारं द्रव्य देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण चिठ्ठी असली की विषय संपतो. अल्पवयीनाला विजेचे झटके द्यायचे, तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम त्याच कायद्याखालच्या मंडळाची पूर्वपरवानगी मागतो. रोजच्या गोळीला ती लागत नाही.

अमेरिकेत २०११ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी पाच राज्यं तपासली. सरकारी आरोग्य योजनेतल्या इतर मुलांच्या तुलनेत सरकारी संगोपनातल्या मुलांना मनावर परिणाम करणारी औषधं २.७ ते ४.५ पट जास्त दिली जात होती. कॅलिफोर्नियात तर त्यासाठी सहसा न्यायाधीशाची परवानगी लागते. ते इथं नको. न्यायाधीश तज्ज्ञाचं मत मागणार, आणि राज्याची चारही जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. खरंच गरज असलेलं पोर तारखांमध्येच अडकेल. फिटच्या गोळ्या तर परवानगीसाठी मध्येच तोडणंही धोक्याचं.

बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये घेऊन कंधार-औशाकडे नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांचं काय? जुनी चिठ्ठी दाखवायची, मेडिकलमधून पट्टी आणायची. त्यांना कोण विचारणार?

बालगृहापुरतं तरी नव्या कायद्यावाचून भागेल. बालकल्याण समितीनं महिन्यातून किमान दोनदा संस्थांची पाहणी करायचीच असते. नांदेड-लातूरच्या समित्यांनी त्या वेळी औषधांचा डबा उघडायला लावावा, चिठ्ठीवरची तारीख बघावी आणि अधीक्षकांना बाहेर बसवून पोराला विचारावं, गोळी घेतल्यावर कसं वाटतं रे?