आधी खूर बघा

काष्टीचा जनावरांचा बाजार दर शनिवारी भरतो. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर अशा तिन्ही जिल्ह्यांतले शेतकरी इथे गाई-बैल घ्यायला आणि विकायला येतात. या गावात एक म्हातारे शेतकरी राहत. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. जनावराची पारख करावी तर आबांनीच, असा त्यांचा लौकिक होता. बैल घ्यायचा ठरला की लोक आधी आबांना गाठत, मग बाजाराची वाट धरत.

एका शनिवारी ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्यांना एका खिलार बैलापाशी नेले. बैल अंगाने भरलेला, शिंगे डौलदार, वयाने तरणा. पण चालवला की मान झटकायचा. भोवती जमलेला जो तो मानेकडे बोट दाखवत होता. कोणी म्हणाला, जुवाने मान धरली आहे, तेल-हळद चोळा. कोणी म्हणाला, वेसण बदला. एकाने तर बैल मारका आहे, घेऊच नका, असे सांगून टाकले. विकणारा बिचारा पडेल त्या किमतीला बैल द्यायला तयार झाला होता.

आबा म्हणाले, "जरा चालवून दाखवा."

बैल चालू लागला. आबांनी मानेकडे पाहिलेच नाही. ते उकिडवे बसले आणि बैलाचे पाय न्याहाळू लागले. पुढचा डावा पाय जमिनीला टेकला रे टेकला की मान वर उडत होती. उजवा पाय टेकताना ती खाली येत होती. आबांनी बैलाला थोपटले, डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खुराची माती बोटाने खरवडली. पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारताना एक खिळा तिरका गेला होता आणि नखाच्या आत जिवंत भागाला टोचत होता. नालबंदाला बोलावले, पत्री उतरवली, खूर धुऊन औषध लावले. काही दिवसांनी तोच बैल ताठ मानेने गाडीला चालू लागला. मानेला कधी काही झालेच नव्हते.

आबांची नात नववीत होती आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळत होती. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमुळे हा खेळ गावोगावच्या शाळांत पोहोचला आहे. खेळ मूळचा अमेरिकेतला, १८८७ साली शिकागोत सुरू झालेला. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलला पहिल्यांदा स्थान मिळाले. इतक्या लांबून आलेला हा खेळ आबांच्या नातीने मात्र आपल्या शेतातल्या खेळासारखा आपलासा केला होता. ती धावायला चपळ होती, तिचा झेल सुटत नसे. अडचण होती ती बॅटिंगची.

बॅट फिरवली की चेंडू एक तर हुकायचा, नाही तर बॅटच्या टोकाला लागून पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या, पायाशी घरंगळत जायचा. दर सामन्यात हेच. पोरगी जिद्दीची, पण हळूहळू खचू लागली.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. क्रिकेट खेळणारा चुलतभाऊ म्हणाला, "हात लवकर फिरव गं." मैत्रीण म्हणाली, "तुझा मागचा खांदा पडतोय, तो वर ठेव." चुलते म्हणाले, "मनगट वळवायला उशीर होतोय." मोबाइलवरच्या व्हिडिओतला प्रशिक्षक कंबर फिरवायला सांगत होता. मुलीने सगळ्यांचे ऐकले. हात, खांदा, मनगट, कंबर असे चार धडे मनात घोकत ती बॅटिंगला उभी राहू लागली आणि पूर्वी निदान बॅटला लागणारा चेंडूही आता लागेनासा झाला.

यात नवल नव्हते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते. ताशी ८० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.६ सेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची. एवढ्या वेळात एक सूचना आठवणेही अवघड, तिथे चार कुठून आठवणार?

एका संध्याकाळी ती ओट्यावर आबांच्या शेजारी येऊन बसली. डोळे भरून आले होते.

"आबा, मला बॅटिंग येतच नाही. सगळ्यांचं ऐकलं तरी येत नाही."

"सगळ्यांचं ऐकलं म्हणून येत नसंल," आबा म्हणाले. "उद्या मी येतो मैदानावर."

दुसऱ्या दिवशी आबा शाळेच्या मैदानावर गेले. क्रीडाशिक्षकांनी खुर्ची दिली, पण ती बाजूला सारून ते कडेला मातीतच बसले. सॉफ्टबॉलचा एकही नियम त्यांना माहीत नव्हता. नातीने दहा-बारा चेंडू खेळले. सगळ्यांच्या नजरा तिच्या बॅटवर होत्या, आबांची नजर जमिनीवर होती. खेळून ती बाजूला झाल्यावर आबा उठले आणि ती उभी होती त्या जागी गेले. भुसभुशीत मातीत तिच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. उजव्या पायाचा ठसा जागच्या जागी खोल. डाव्या पायाचे ठसे मात्र पिचरच्या दिशेने सरळ जायचे सोडून तिसऱ्या बेसकडे, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेवरच्या पाटीपासून, दूर गेलेले. एक-दोन नव्हे, सगळेच.

"सर, ही पोर चेंडू मारायला पुढं जात न्हाई. दर वेळंला पाय काढून घेती," आबा म्हणाले.

सर खाली वाकले. ठसे पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी मुलीला समजेल अशा शब्दांत साखळी उलगडली. डावा पाय बाहेर पडला की डावा खांदा वेळेआधी उघडतो. खांद्याबरोबर डोके फिरते आणि चेंडूवरची नजर सुटते. अंग प्लेटपासून दूर गेल्याने चेंडू गाठायला हात लांब फेकावे लागतात. मग बॅट उशिरा येते आणि चेंडूला तिचे टोकच काय ते लागते. ज्याने हात पाहिले त्याला हात चुकीचे वाटले, ज्याने खांदा पाहिला त्याला खांदा. खोटे कोणीच बोलत नव्हते, पण साखळीची पहिली कडी कोणी पाहिली नव्हती.

"आता पाय बाहेर पडू द्यायचा नाही," सर म्हणाले.

आबांनी हात वर केला. "सर, थांबा. बैल पाय उचलतो तो हौसेनं न्हाई. खाली काहीतरी टोचत असतं. हिला काय टोचतंय ते तर विचारा."

मुलगी बराच वेळ बोलेना. मग हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी बरगडीवर चेंडू बसला होता. तेव्हापासून भीती वाटते."

सॉफ्टबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि वजनदार असतो. घेर सुमारे ३०.५ सेंटिमीटर, वजन १७८ ते १९८ ग्रॅम. तो एकदा बरगडीवर बसला की मन विसरायचे म्हटले तरी शरीर विसरत नाही. खिळा सापडला होता.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं आपलं," आबा म्हणाले.

सरांनी त्याच दिवशी तिच्या हातातली बॅट काढून घेतली. हेल्मेट घालून तिला प्लेटपाशी उभे केले आणि जवळून, हळू, टेनिसचे चेंडू टाकायला सुरुवात केली. मारायचे काहीच नव्हते. चेंडू अंगावर आला की डावा खांदा आत वळवायचा, हनुवटी छातीशी घ्यायची आणि चेंडू पाठीवर झेलायचा. टेनिसचा चेंडू पाठीवर बसला तेव्हा ती पहिल्यांदा दचकली, मग हसू लागली. अंगावर आलेल्या चेंडूपासून कसे वाचायचे हे शरीराला कळले, तशी पळून जायची गरज कमी झाली. चेंडूचा वेग सरांनी हळूहळू वाढवला.

भीती ओसरल्यावर पायाची पाळी आली. सरांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या टाचांच्या मागे सरळ रेषेत जमिनीवर अंथरली. डावा पाय बाहेर पडला की ट्यूब पायाखाली यायची आणि कोणी न सांगताच तिला कळायचे. समोर टीवर, म्हणजे कमरेइतक्या उंचीच्या नळीवर, चेंडू ठेवला. पाऊल आखूड आणि पिचरच्या दिशेने टाकायचे आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर मारायचा, एवढेच काम. हातांबद्दल, मनगटाबद्दल सर अवाक्षर बोलले नाहीत. चुलतभाऊ कडेला उभा राहून काही सांगायला गेला, तर सरांनी त्याला चेंडू गोळा करायला लावले.

थोडेच चेंडू, पण रोज, असा नियम ठेवला. थकलेले शरीर जुन्या सवयीकडे वळते, म्हणून थकायच्या आत सराव थांबायचा. टीवर पाय स्थिर झाल्यावर बाजूने हळू उडवलेले चेंडू, मग समोरून टाकलेले आणि सगळ्यांत शेवटी पिचरचे खरे चेंडू. मधूनच पाय पुन्हा बाहेर जाऊ लागला की सर एक पायरी मागे येत. रागावत नसत.

मग एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. पाय सरळ पडू लागला तसा खांदा आपोआप मिटून राहू लागला. डोके स्थिर झाले. हात अंगाजवळून येऊ लागले. ज्या चार चुकांसाठी चार सल्ले मिळाले होते, त्यांतल्या तीन कोणी हात न लावता गेल्या. उरली एक. बॅट ती तळहातात घट्ट आवळून धरत असे, त्यामुळे मनगट मोकळे फिरत नसे. सरांनी आता ती चूक हाती घेतली आणि बॅट बोटांत धरायला शिकवली.

संघातल्या दुसऱ्या एका मुलीचा चेंडूही तसाच घरंगळत जायचा. ते पाहून तिनेही टाचेमागे ट्यूब अंथरली. सरांनी तिचे ठसे तपासले. ते सरळ होते. मग त्यांनी तिची बॅट हातात घेऊन पाहिली. बॅट तिच्या ताकदीला जड होती. हलकी बॅट दिली आणि तिचे काम तेवढ्यावरच भागले. दोघींचे दुखणे वरून सारखे दिसत होते, कारण मात्र वेगळे होते.

त्या दिवशी सरांनी मुलींना जपानच्या सदाहारू ओ यांची हकिकत सांगितली. ते बेसबॉलपटू. चेंडू येताना त्यांचे हात मध्येच अडखळत आणि बॅट उशिरा येई. प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी हातांचा नाद सोडला आणि १९६२ साली त्यांना पुढचा पाय उचलून एका पायावर उभे राहायला लावले. एका पायावर तोल सांभाळताना हातांना अडखळायला वावच उरला नाही. १९६१ साली १३ होम रन (एकाच फटक्यात सगळ्या बेसची पूर्ण फेरी) मारणाऱ्या या खेळाडूने १९६२ साली ३८ मारले आणि कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर ८६८ होम रन जमा झाले. दोष हातांत दिसत होता, उपाय पायात सापडला.

पुढच्या सामन्यात आबांची नात बॅटिंगला आली. पहिल्याच वेळी ती बाद झाली, पण पाय जागेवर होता. दुसऱ्या वेळी चेंडू अंगाजवळून गेला. तिने खांदा आत वळवला, चेंडू जाऊ दिला आणि पुन्हा सरळ उभी राहिली. त्यानंतरचा चेंडू तिने बॅटच्या भरीव भागावर घेतला. तो पिचरच्या बाजूने, दुसऱ्या बेसवरून थेट मैदानात गेला आणि ती पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचली.

चुलतभाऊ आबांना म्हणाला, "आबा, तुम्हाला तर या खेळातलं काहीच कळत नाही. मग चूक कशी सापडली?"

आबा म्हणाले, "कळत न्हाई म्हणून तर बोललो न्हाई. नुसतं बघत बसलो. आन् बघताना वर बघितलं न्हाई, खाली बघितलं."

तात्पर्य : चूक जिथे दिसते तिथेच ती जन्मलेली असते असे नाही. मूळ शोधावे, एका वेळी एकच गोष्ट सुधारावी आणि शिकणाऱ्याला आधी विचारावे, मग सांगावे. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक आईबापाने, भावाने आणि शिक्षकाने मुलाला पुढचा सल्ला देण्याआधी एवढे जरूर करावे : थोडा वेळ गप्प बसून त्याचे पाय पाहावेत आणि त्याला कशाची भीती वाटते ते मायेने विचारावे.