पुस्तकातलं गाव

आमच्या काकीला वाचनाचं भारी वेड, आणि तेही एकाच प्रकारच्या पुस्तकांचं. गाव असावं, नदी असावी, पाटलाचा पोरगा आणि मास्तरांची पोर यांचं जुळावं, मधे कुणी खोडा घालावा आणि शेवटच्या पानावर अक्षता पडाव्यात. १९६७ साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला, पुढे गावोगाव अनुदानावर वाचनालयं चालू लागली. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावातही एका खोलीत दोन कपाटं आली. त्यात र. वा. दिघ्यांची 'पाणकळा' होती, बाबा कदम होते आणि पहिली पानं गळालेल्या, लेखकाचं नाव हरवलेल्या कितीतरी कादंबऱ्या होत्या.

काकी सातवी पास. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्रीची भांडी घासून झाली की ओट्यावर पाच-सहा बाया जमायच्या. दिवसभर बोंडांनी बोटं ओरबाडलेली. काकी मोठ्यानं वाचायची. पुस्तकातली पोर रडली की सगळा ओटा रडायचा.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात. नेमाड्यांची 'कोसला' नुकतीच वाचलेली. ती १९६३ सालची. यावल तालुक्यातल्या सांगवीचा हा लेखक आमच्या खान्देशचाच. त्या कादंबरीत पांडुरंगाची लहान बहीण मनी मरते, आणि कोणतंही शेवटचं पान ते दुःख पुसत नाही. ते वाचून आलेला मी काकीला म्हणालो, "काकी, असं गाव असतं का कुठं? खोटं वाचता तुम्ही."

काकी हसली. म्हणाली, "माले माहीत शे भाऊ, असं गाव कोठेच नही. पन दिनभर ते मी आपलाच गावमा राहस ना!"

मला उत्तर सुचलं नाही. पुढं कळलं की हे फक्त आमच्या ओट्यावरचं नव्हतं. किपलिंगची १९२४ सालची एक कथा आहे, पहिल्या महायुद्धात आघाडीवर जेन ऑस्टिन वाचणाऱ्या सैनिकांची. तोफांच्या आवाजात ते खेड्यातल्या चहापानाच्या आणि सोयरिकींच्या गोष्टीत जीव रमवत. तोफा काय आणि कापूस काय, दमलेल्या माणसाला बसायला जागा लागते.

पण माझा खरा प्रश्न पुढचा आहे. काकीच्याच पोरीनं, माझ्या चुलतबहिणीनं, दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. पाटलाचा पोरगा-मास्तरांची पोर, अगदी तसंच. फक्त शेवटचं पान कुणी लिहिलं नाही. काकांनी दार लावलं. काकी गप्प राहिली. ज्या बाया कागदावरच्या पोरीसाठी रडल्या, त्यांनी हिचं नाव घेणं सोडलं. आखाजीला गावभर सासुरवाशिणी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले, हिचा झोका नाही. अशा सात आखाज्या गेल्या. आणि मी? जळगावात तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतो. काकांना काय वाटेल म्हणून मी तिचा उंबरा चढलो नाही. 'कोसला' वाचलेला मी!

मग त्या गोड पुस्तकांचा दोष का? आधी मला तसंच वाटायचं, की रडणं तिथंच संपतं आणि खऱ्या पोरीसाठी उरत नाही. पण काकांनी तर जन्मात एकही कादंबरी वाचली नव्हती. ते कुठं मवाळ होते? आणि कडू पुस्तक वाचून मी तरी काय केलं? उलट, गावात प्रेमाचं भलं चिंतणारी एकच जागा होती, तो ओटा. तिथं निदान रोज रात्री तासभर पोरींना मनासारखा नवरा मिळत होता.

आज मला वाटतं, विसावा घेण्यात पाप नाही. चूक होते ती त्या विसाव्याला पुण्य समजण्यात. रडू आलं म्हणजे आपण दयाळू, असा हिशेब आम्ही सगळ्यांनी मांडला, काकीनं पुस्तकातल्या पोरीवर आणि मी मनीवर. निंबाच्या सावलीत बसावं, जरूर बसावं. पण बसलो म्हणून वखरणी झाली असं कुणी म्हणू नये.

आठव्या आखाजीला काकीनं पहाटे खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, डबा फडक्यात बांधला आणि मला म्हणाली, "माले पोरना घर लई चाल." काका ओट्यावर होते. ते काही बोलले नाहीत, काकीनंही विचारलं नाही.

पुस्तकांनी तिला तिथवर नेलं असं मी म्हणणार नाही. नेलं असेल तर सात वर्षं का लागली, हेही सांगावं लागेल. एवढं मात्र पाहिलं की एसटीत खिडकीशी बसलेल्या काकीच्या पिशवीत डब्याखाली वाचनालयाचं एक पुस्तक होतं. पोरीला वाचायला. आणि दारात पोरीनं आधी काकीला नाही, मला विचारलं, "भाऊ, तू ते आठेच राहत व्हता ना?"