मोजपट्टी कोणाची?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीखाली गाडली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. आखणाऱ्यांपुढे कोरा कागद होता. मधोमध वाडे आणि कडेला दलितवस्ती ही जुनी मांडणी मोडायची संधी पुन्हा येणार नव्हती. पण घर केवढं द्यायचं, हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०.

कारण वरवर पटण्यासारखं होतं: शेती करणाऱ्याला औतं, धान्य, जनावरं ठेवायला जागा लागते. पण दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याच्या घरातही म्हातारीकोतारी असतात, बाळंतिणीला आडोसा लागतो, पोरांना अभ्यासाला कोपरा लागतो. सातबाऱ्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. हे कुणी वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही, म्हणूनच ते अधिक सलतं.

शहरातही ज्याच्याकडे आहे त्याच्याच मापाने ठरतं. टंचाईत पाणी आठवड्यातून एकदा आलं, तर ज्याच्या घरी हौद आणि गच्चीवर टाकी आहे त्याचं निभतं. एका खोलीतल्या भाडेकरणीने ते घागरीत किती साठवावं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात हा प्रश्न पुस्तकी नाही.

नांदेडमध्ये मात्र २००८ च्या, शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास रस्ते नव्याने झाले. त्यांतल्या काहींच्या आराखड्यात पदपथ, सायकलची वाट आणि फेरीवाल्यांना बसायची जागा आधीच धरली होती. पायी चालणाऱ्याला आणि हातगाडीवाल्याला कागदावर जागा मिळाली, याचं मला फार मोल वाटतं. नाहीतर त्यांची नोंद होते ती थेट अतिक्रमण म्हणून.

१९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात. ज्याच्या प्लॉटवर आरक्षण पडतं तो वकील घेऊन धावतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला नोटीस निघाल्याचंही कळत नाही. आराखड्याचा नकाशा तिच्या वस्तीतल्या समाजमंदिरात लावावा, ती कामावरून परतल्यावर, संध्याकाळी. आणि तिची वाट, तिचा नळ, तिचं शौचालय त्यात कुठे आहे, हे बोट ठेवून सांगायला पालिकेच्या अभियंत्याने तिथे उभं राहावं.